उपाशी ठेवलेल्यांचे ऋण

आमच्या घरात पोटाच्या दुखण्याला तीन पिढ्यांचा इतिहास आहे. आजोबांचे पोट त्यापायी कापावे लागले, बाबा थोडक्यात वाचले, आणि मी त्याच दुखण्याच्या औषधांचा अभ्यास करून आज लाखांदूरला मेडिकलचे दुकान चालवते. बाबा ऐंशीच्या घरात आहेत. पावसाळ्यात अजूनही रोज सकाळी बांधीवर जाऊन पाणी किती चढले ते पाहून येतात. ते कुणाकुणामुळे जगले याची यादी मी मनाशी अनेकदा केली आहे. तीत ब्रह्मपुरीचे एक डॉक्टर आहेत, रक्त देणारा शेजारी आहे, आई आहे. यादीत आणखी ज्यांना जागा द्यायला हवी, ती जनावरे आहेत: प्रयोगशाळेत जन्मलेले आणि तिथेच मेलेले उंदीर, कुत्री. त्यांतली काही माझ्याही हातून गेली. हे ऋण मोठे आहे आणि आमच्या धंद्यात त्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचा मुलूख धानाचा. रोवणीच्या दिवसांत माणूस पहाटे काळ्या चहावर घराबाहेर पडतो, गुडघाभर चिखलात वाकून दुपारपर्यंत पऱ्हे लावतो आणि शिदोरी सुटेपर्यंत दोन वाजतात. मधल्या वेळात तोंडात तंबाखूचा खर्रा. संध्याकाळी कंबर धरली की किराणा दुकानातून एक गोळी आणून पाण्याबरोबर गिळायची, तीही बहुतेक वेळा उपाशीपोटी. पोट जाळायला याहून वेगळे काही करावे लागत नाही. आजोबा रात्री दोनच्या सुमारास उठून बसत, बेंबीच्या वर मूठ दाबून धरत आणि चार घास शिळा भात खाल्ला की पुन्हा झोपत. खाल्ल्यावर थांबणारे, मध्यरात्री उठवणारे दुखणे म्हणजे लहान आतड्याच्या तोंडाशी झालेल्या अल्सरची जुनी खूण आहे, हे मी फार पुढे शिकले. घरात त्याला 'बाबाजीची पोटातली आग' एवढेच नाव होते.

आजोबांचे ऑपरेशन १९७०च्या आसपास नागपूरच्या मेडिकलमध्ये झाले. त्या काळी शेवटचा उपाय ऑपरेशनचाच होता. जठराला आम्ल सोडायला सांगणारी नस कापायची आणि जठर खालच्या आतड्याला नव्या वाटेने जोडायचे. दुखणे थांबले, पण आजोबा पुन्हा पहिल्यासारखे जेवले नाहीत. गोड खाल्ले की घाम फुटे, छाती धडधडे, खाटेवर आडवे व्हावे लागे. लग्नाच्या पंगतीत ते बुंदी पानावर घेत नसत. लोकांना तो मानपानाचा रुसवा वाटे.

बाबांची पाळी १९८८ साली आली. दिवाळी होऊन गेली होती, धान घरात यायचे होते. काही दिवस शौचाला काळे होत होते, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. मग एका सकाळी खळ्यावर कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली आणि ते तिथेच बसले. आधी वडसा, तिथून वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी. डॉक्टरांनी सलाईन लावली, रक्त चढवले आणि शिरेतून एक इंजेक्शन सुरू केले. पुढे तेच औषध गोळीच्या रूपात, सकाळ-संध्याकाळ. त्याचे नाव रॅनिटिडीन. पोट कापावे लागले नाही. डॉक्टर आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्या सासऱ्यांच्या वेळी ही गोळी जगातच नव्हती." मी तेव्हा दहा वर्षांची होते. डॉक्टर काय म्हणाले ते आईने इतक्यांदा सांगितले की ते मला पाठ झाले.

ते वाक्य खरे होते. पुढे नागपूरला फार्मसी शिकताना त्याच्या मागची कथा हाती लागली. आम्हा सगळ्यांच्या टेबलावर प्रयोगाच्या औषधशास्त्राचे एक पुस्तक असायचे, पुद्दुचेरीच्या जिपमरमध्ये प्राध्यापक असलेल्या एम. एन. घोष यांचे. याच घोषांनी लंडनला असताना शिल्ड यांच्याबरोबर १९५८ साली एक पद्धत प्रसिद्ध केली होती. बेशुद्ध केलेल्या उंदराच्या जठरातून एक द्रावण संथपणे वाहते ठेवायचे आणि बाहेर पडणाऱ्या द्रावणाची आम्लता सतत नोंदत राहायची. हिस्टामिन टोचले की आम्लाची रेघ वर चढे. ही रेघ खाली आणणारे औषध ज्याला सापडेल, त्याला अल्सरचे औषध सापडले.

इंग्लंडमध्ये जेम्स ब्लॅक आणि त्यांचे सहकारी १९६४पासून त्याच शोधात होते. सुमारे ७०० संयुगे बनवून झाली तेव्हा कुठे १९७२ साली बुरिमामाइड हाती आले. ते उंदराच्या जठरावर चालले आणि पोटात शस्त्रक्रियेने वेगळी पिशवी केलेल्या कुत्र्यांवरही चालले, पण तोंडाने घेतले की नीट लागू पडत नव्हते. पुढचे मेटियामाइड तोंडाने चालले, तर काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. मग सिमेटिडीन, १९७६. रॅनिटिडीन त्याचाच धाकटा भाऊ, १९८१ सालचा. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळाले. बाबा ब्रह्मपुरीच्या खाटेवर पडले होते ते हेच वर्ष. हा जुळून आलेला योग माझ्या मनात कायमचा बसला आहे.

आता मामांबद्दल सांगते.

एम. फार्म.ला मी प्रयोगासाठी आमच्या कॉलेजच्या ॲनिमल हाउसमध्ये जाऊ लागले, तेव्हा तिथले काम मामा पाहत. वयाने पन्नाशीचे, पवनीकडचे, म्हणजे आमच्याच झाडीपट्टीतले. कागदावर ते परिचर होते. कॉलेजातली बडी बडी माणसे उंदीर धरायला त्यांच्याकडूनच शिकलेली होती. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता. ते म्हणाले, "पोरी, उंदराले भेव वाटला का तो चावते. तू भेऊ नोको, मंग तो बी भेत नाही." शेपटी ओढायची नाही. तळहात पाठीवरून सरकवायचा, खांद्यांमागून अंगठा आणि बोट आणायचे, मान आवळायची नाही. काखेत अत्तर किंवा डोक्याला वासाचे तेल लावून यायचे नाही. दाराशी चपला काढताना मोठ्याने बोलायचे नाही. या गोष्टी घोषांच्या पुस्तकात इतक्या बारकाईने नाहीत. घाबरलेल्या उंदराच्या जठरात नुसत्या भीतीने जखमा होतात. गारठ्यात जखडून ठेवून मुद्दाम अशा जखमा घडवण्याचीही एक पद्धत आहे. म्हणजे मामा ज्याला माया म्हणत असतील ती प्रयोगाच्या खरेपणाचीही अट होती. ज्याला जनावर धरता येत नाही त्याचे आकडे खोटे निघतात.

नागपूरचा मे महिना. वीज गेली की मामा खिडक्यांना ओली पोती बांधत आणि रात्री घरी न जाता तिथेच थांबत. उंदरांना बावीस-चोवीस अंशांत ठेवायचे असते. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर. कुणी त्यांना तसे सांगितलेले नव्हते. सकाळी पाहावे तर पोती ओली आणि मामांचे डोळे लाल.

माझ्या सरांबद्दलही सांगायला हवे. मी आमच्या जंगलातल्या एका झाडाची साल अल्सरवर तपासू म्हणाले, तेव्हा त्यांनी विचारले, "हे कळल्याने कुणाचं काय बदलेल?" उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. मग ते म्हणाले, आधी जनावराशिवाय काय कळते ते बघ. साल किती आम्ल मारते हे काचेच्या भांड्यात बघता येते, त्याला उंदीर लागत नाही. नंतर संख्याशास्त्राचे गणित मांडायला लावले आणि माझ्या आराखड्यातले दोन गट त्यांनी काढून टाकले. मग समितीपुढे जायचे. भारतात १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. १९९८च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत नैतिक समिती सक्तीची झाली. तीत पशुवैद्य लागतो, बाहेरचा शास्त्रज्ञ लागतो आणि विज्ञानाबाहेरचा एक समाजातला माणूसही लागतो. आमच्या समितीतल्या त्या गृहस्थांनी मला विचारले, "प्रयोग संपल्यावर त्या उंदरांचं काय?" मी खरे ते सांगितले.

प्रयोग कसा असतो ते इथे नीट सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. औषध घेणाऱ्याला ते माहीत असावे.

अमेरिकेतल्या हॅरी शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली ही पद्धत दिली. सहा-सहा उंदरांचे गट करतात. एका गटाला नुसते पाणी, एकाला रॅनिटिडीनसारखे माहीत असलेले औषध, बाकीच्यांना तपासायचे औषध, वेगवेगळ्या मात्रांत. त्याआधी उंदरांना दिवसभर उपाशी ठेवतात. पाणी मिळते, दाणा नाही. भुकेला उंदीर स्वतःची लेंडी खातो, म्हणून पिंजऱ्याला तळाशी जाळी असते. औषध तोंडाने द्यायचे, टोकाला गोल मणी असलेल्या बोथट सुईने, घशाला इजा होऊ न देता. मग ईथर देऊन बेशुद्ध करायचे, बरगडीखाली छोटा छेद घ्यायचा, जठर हलकेच वर घ्यायचे आणि त्याचे खालचे तोंड दोऱ्याने बांधायचे. रक्तवाहिनीला धक्का लागता कामा नये. जठर परत जागी, वर टाके. पुढचे चार तास अन्न नाही, पाणी नाही. आम्ल जठरात साचत राहते, त्याला खाली जायला वाट नसते. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे वरही वाट नसते. शेवटी पुन्हा ईथर, या वेळी जास्त.

जठर बाहेर काढून आतला द्रव मोजायचा. त्यात टॉफरचे द्रावण टाकले की तो लाल होतो. मग ब्युरेटमधून अगदी पातळ सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडायचे, लालाचे नारिंगी-पिवळे होईपर्यंत. हे झाले मोकळे आम्ल. त्यानंतर फिनॉल्फ्थॅलिन, गुलाबी छटा टिकेपर्यंत. हे एकूण आम्ल. जठर मोठ्या वळणावरून उघडायचे, मिठाच्या पाण्याने धुवायचे आणि भिंगाखाली धरायचे. लाली असेल तर अर्धा गुण, ठिपक्याएवढी जखम असेल तर एक, रक्ताच्या रेघा असतील तर दीड, जखम खोल असेल तर दोन, आरपार भोक असेल तर तीन. या गुणांवरून अल्सरचा निर्देशांक निघतो. पाणी दिलेल्या गटाचे जठर लालभडक आणि रॅनिटिडीनच्या गटाचे फिकट गुलाबी, हा फरक मी प्रथम पाहिला तेव्हा समोर बाबांचे पोट दिसले. त्यांच्या आत असेच काही झाले असणार, आणि या गोळीने ते असेच शमले असणार.

मामा शेवटच्या ईथरच्या वेळी प्रत्येक उंदीर स्वतःच्या हातांनी आणून देत. "जाय बावा," एवढेच म्हणत. त्या दिवशी ते डबा उघडत नसत. आम्ही विद्यार्थी जेवायला जात असू, ते जात नसत. मी कारण विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

उंदराने सगळे सांगितले असेही नाही, आणि ऋण मानायचे तर हेही मानायला हवे. उंदराच्या जठराचा वरचा भाग माणसाच्या जठरासारखा नसतो. त्याला आम्ल सोडणाऱ्या ग्रंथीच नसतात, आणि शे यांच्या पद्धतीतल्या जखमा बऱ्याचदा त्याच भागात होतात. त्याच्या जठरात उपाशी असतानाही आम्ल पाझरत राहते. स्वीडनमधल्या हॅस्ले कंपनीत १९७९ साली ओमेप्राझोल तयार झाले. आम्ल बनवणाऱ्या पेशीतला पंपच ते बंद करते. १९८४ साली माणसांवरच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या, कारण आयुष्यभर मोठी मात्रा दिलेल्या उंदरांच्या जठरात गाठी दिसल्या. आम्ल पूर्ण बंद झाले की गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक फार वाढते आणि उंदरात त्याने विशिष्ट पेशी माजतात, असे पुढे उलगडले. मगच काम पुन्हा सुरू झाले आणि १९८८ साली औषध बाजारात आले. त्याच कंपनीत आधीच्या एका संयुगाच्या वेळी काही कुत्र्यांच्या रक्तवाहिन्यांना सूज आली होती, औषध न दिलेल्या एका कुत्र्यातही. शोध घेतला तेव्हा कळले की ती कुत्री जवळजवळ सगळी एकाच नराची पिल्ले. त्या नराचे नाव फॅबियन. दोष औषधाचा नव्हता. या साऱ्या इतिहासात नावानिशी मला भेटलेले प्रयोगातले जनावर हे एकच. बाकीच्यांचे आकडे आहेत.

जिथे जनावर कामी आले नाही तिथे माणसाने स्वतःचे पोट पुढे केले. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांना अल्सरच्या मुळाशी एक जिवाणू असल्याचा संशय होता. त्यांनी डुकराच्या पिल्लांना त्याची लागण करून पाहिली, ती होईना. १९८४ साली त्यांनी तो जिवाणू स्वतःच पिऊन टाकला आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळाले. आज हेलिकोबॅक्टर पायलोरी सापडला तर आम्लरोधकाबरोबर दोन प्रतिजैविके देतात आणि अल्सर बहुधा परत येत नाही. बाबांनाही पुढे हा कोर्स झाला.

आमच्या भाताच्या ताटापर्यंत पोचणारा एक उंदरांचा प्रयोगही आहे. मैसूरच्या मिशन दवाखान्यात पूर्वी फ्रँक टोवी नावाचे इंग्रज सर्जन होते. भात खाणाऱ्या दक्षिण आणि पूर्व भारतात हा अल्सर पुष्कळ आणि गहू खाणाऱ्या पंजाबात कमी, हे कोडे त्यांना सुटेना. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी जयराज आणि क्लार्क यांच्याबरोबर वेगवेगळ्या प्रदेशांतले अन्नपदार्थ उंदरांना देऊन पाहिले. ताज्या कोंड्यातला स्निग्धांश जठर जपतो, तांदूळ साठवणीत जुना झाला की त्यातले तेल उलट अपाय करू लागते, आणि कुळथातही जठर जपणारे काही आहे, असे त्यांना आढळले. जिवाणूचा शोध लागल्यावरही त्यांचा प्रश्न उरतोच, कारण जिवाणू दोन्हीकडे सारखाच पसरलेला आहे. माझी आजी ढेकीवर कांडलेला तांबूस तांदूळ शिजवी. आज सगळा तांदूळ मिलमधून पांढराशुभ्र होऊन येतो आणि कोंडा जनावरांना जातो. एवढ्यावरून कुणी आजार बरा करायला निघू नये. पण लाखांदूरच्या माणसाच्या पोटाचा प्रश्न कुणीतरी, कुठेतरी, उंदरांच्या मदतीने विचारला होता, हे मला फार जवळचे वाटते.

आता जे बोलायचे ते कडू आहे. माझ्या प्रबंधातल्या सालीने आम्ल थोडे उतरवले, रॅनिटिडीनहून कमी. प्रबंध वाचनालयात आहे, झाडाचे औषध झाले नाही. पहिल्यांदा एखादी गोष्ट तपासताना असे होणारच, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण देशभरातल्या फार्मसी कॉलेजांत वर्षानुवर्षे हेच चालले आहे: कुठले तरी पान, त्याचा अल्कोहोलमधला अर्क, सहा-सहा उंदरांचे गट, जठर बांधणे, आणि शेवटी 'पुढील संशोधनाची गरज आहे'. ते पुढचे संशोधन कुणी करत नाही. पुढच्या वर्षी दुसरे पान येते, कधी तेच पान दुसऱ्या कॉलेजात. कच्च्या केळ्याच्या भुकटीने उंदरांचे अल्सर टळतात हे निदान १९८४ सालापासून ठाऊक आहे. ते पुन्हा पुन्हा सिद्ध करायला पुन्हा पुन्हा उंदीर उपाशी ठेवणे मला पाप वाटते. हा शब्द मी विचार करून वापरते आहे. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ सालीच तीन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या: जनावराऐवजी दुसरे काही चालते का बघा, संख्या कमी करा, यातना कमी करा. आपल्या देशाच्या देखरेख समितीने त्यात चौथी घातली: प्रयोगानंतरचे पुनर्वसन. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी जनावर लागत नाही, हे जिपमरच्याच रवींद्रन यांनी संगणकावर प्रयोग उभे करून दाखवले. २०२३ साली आपल्या औषधचाचण्यांच्या नियमांतही जनावरांविना होणाऱ्या तपासण्यांना वाट मिळाली. नियम पुढे गेले, आमची सवय जागीच आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतात. वर्षभर जू वाहिले, त्याचे ते मानणे असते. प्रयोगातल्या जनावरासाठी आमच्या कॉलेजांत असे काहीच नाही. जपानमधल्या अनेक प्रयोगशाळांत वर्षातून एकदा या प्राण्यांची आठवण करतात, शास्त्रज्ञ आणि परिचर एकत्र येऊन. आपल्याकडे हे सुरू करायला कुणाची परवानगी लागू नये.

शिक्षण संपवून मी घरी परतले तेव्हा एका रात्री बाबांना हे सगळे सांगितले. ते धान राखणारे शेतकरी. ढोलीतले धान उंदीर खातात म्हणून दरवर्षी औषध घालणारे. त्यांना हसू येईल असे मला वाटले होते. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बेहोस करून कापत होते, ते ठीक हाये. पन उपासी ठेवत होते म्हनतेस." मी म्हटले, "हो बाबा, दिवसभर." ते म्हणाले, "उपासी पोटात आम्ल सुटलं म्हंजे काय होते ते मले ठाव हाये, बाई. त्यायले बी तसंच झालं असन." पुढे बोलणे झाले नाही. ढोलीत औषध घालायचे त्यांनी सोडले नाही, ते सोडून चालणारही नाही. पण माझ्या प्रबंधाची प्रत त्यांनी मागून घेतली आणि देवघराखालच्या फळीवर ठेवली. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही.

मामा आता नाहीत. त्यांच्या नावाने कुठे शोधनिबंध निघाला नाही. माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर त्यांचे नाव सरांच्या लगेच खाली आहे. सरांनीच ते तिथे घ्यायला सांगितले होते.

दुकानात उभी राहते तेव्हा हे सगळे समोर येत राहते. बारव्हा, दिघोरी, विरली, मासळ, कुठून कुठून माणसे येतात. "गॅसची गोळी द्या," म्हणतात. कुणी डॉक्टरने पंधरा दिवसांसाठी लिहिलेली गोळी तीन वर्षे घेत असतो. कुणी दुखण्याच्या गोळीबरोबर सवयीने आम्लाची गोळी मागतो, आणि दुखण्याची गोळी मात्र रिकाम्या पोटीच घेतो. ही औषधे चिरमुऱ्यासारखी खायची नाहीत. वर्षानुवर्षे आम्ल दाबून ठेवले तर शरीराला बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू लागते. रॅनिटिडीनमध्येही नको असलेले एक रसायन सापडल्याने अमेरिकेने २०२० साली ते बाजारातून काढले, आणि २०२२ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते गेले. ज्या गोळीने माझे बाबा वाचले तिची ही गत झाली याचे मला वाईट वाटत नाही. तिच्याहून चांगल्या गोळ्या आल्या आहेत, त्याही याच वाटेने.

ज्या विद्यार्थ्यांना आणि मार्गदर्शकांना नैतिक समितीचा अर्ज भरायचा आहे, त्यांना माझी विनंती आहे: सरांचा प्रश्न आधी स्वतःला विचारा आणि उत्तर नसेल तर अर्ज भरू नका. आणि माझ्या गिऱ्हाइकांना, माझ्या गावकऱ्यांना सांगणे आहे. रोवणीला जाताना पोटात दोन घास घालून जा. दुखण्याची गोळी जेवल्यावरच घ्या आणि रोज घेऊ नका. खर्रा सोडा, त्याने अल्सर भरून येत नाही. आम्लाची गोळी लिहून दिली असेल तर जेवणाआधी अर्धा तास घ्या आणि सांगितले तेवढेच दिवस. दोन-तीन आठवड्यांत दुखणे गेले नाही तर जिवाणूची तपासणी करून घ्या. आणि शौचाला डांबरासारखे काळे झाले, तर माझ्या दुकानात येऊ नका, सरळ दवाखान्यात जा.